दार

जुलै संपता संपता मला कळलं
की आमच्या कॉलेजात एक दार आहे
जे कुठल्याच खोलीचं नाही.

नाटकवाल्यांचं. जिन्याखाली, मोडक्या बाकांमागे,
चौकटीसकट भिंतीला टेकून उभं.
सागवानी वगैरे नाही काही,
चिंचपोकळीच्या कुठल्याशा भंगारातून
कुणीतरी चाळीस रुपयांना आणलेलं, म्हणे.
म्हणे, कारण आणणारा कोण ते नक्की कुणालाच माहीत नाही.
पण प्रत्येक एकांकिकेला ते जातं.
गेल्या वर्षीचं नाटक होडीत घडत होतं, भर समुद्रात,
तरी गेलं. विंगेत उभं राहिलं अख्खा वेळ,
न बोलावलेल्या पाहुण्यासारखं.

पहिल्या वर्षाच्या पोरांना इथे नाव नसतं.
ए एफवाय, खिळे आण.
ए एफवाय, पाच कटिंग सांग.
दार उचललं की नाव, ऋत्विजा पाठारे म्हणाली
तोंडात चार टाचण्या धरून.
मी मनात म्हटलं, हजेरी मिळते म्हणून आलेय बाई,
नाव आहे मला, आईबापाने ठेवलेलं.

मागच्या बाजूने पाहिलं तेव्हा जरा गप्प झाले.
खडूने, ऑइलपेंटने, एक तर चक्क नेलपॉलिशने
लिहिलेली नावं, कडीपासून बिजागरीपर्यंत.
सावे, ९१.
ब्लेझ लोपीस.
मुनीर दळवी, पाठ गेली.
एक नाव कुणीतरी खरवडून काढलेलं.
त्याच्याबद्दल विचारलं तर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या
आणि तिघांनीही पटकन विषय बदलला.

प्रभादेवीला निकाल लागला रात्री पावणेदोनला.
आमचं नाव नव्हतं. उत्तेजनार्थमध्येसुद्धा.
दिग्दर्शक पायरीवर बसून
बुटाची नाडी बांधत राहिला, सोडत राहिला.
टेम्पोवाला वाट बघून निघून गेलेला.
मग चौघांनी दार उचललं. चौथी मी.

दाराला वजन असतं हे ठाऊक होतं,
त्याला चाल असते हे नव्हतं.
पुढच्यांचं पाऊल चुकलं की
मागच्याच्या खांद्यात कळ.
फुलबाजारात झेंडूची पोती उतरत होती,
एक बाई ओरडली, लग्नघरचं का रे?
नाही मावशी, जोएल म्हणाला, मयताचं.
टिळक पुलाच्या चढावर कुणी काही बोललं नाही.

खोदादाद सर्कलला पोलिसांची गाडी थांबली.
हवालदार उतरला. कुठून आणलं?
स्पर्धेतून.
कुठे नेताय?
माटुंग्याला.
आणि दार कुणाचं?

आता यात विनोद काहीच नव्हता,
पण तो एक शब्द पडला मात्र,
आणि निमिषच्या बसलेल्या घशातून आपोआप निघालं,
अरे, आवाज कुणाचा!
आणि आम्ही, दार खांद्यावर, हरलेलो,
रात्री अडीचला
कॉलेजचं नाव असं ओरडलो
की समोरच्या इमारतीत दोन दिवे लागले.
मीही. तोवर ते नाव
मी फक्त फॉर्मवर लिहिलं होतं.

हवालदार हसला नाही.
फुटपाथवर दार उभं करायला लावलं,
टॉर्च फिरवला पुढून, मग मागून,
एकेक नाव वाचत गेला, हजेरी घेतल्यासारखा.
मग विचारलं, कडी लागते का?
लागते, ऋत्विजा म्हणाली. नाटकात लागावी लागते.
त्याने लावून पाहिली. काढून पाहिली.
जा, म्हणाला.

साहेब, पेन आहे?
ऋत्विजाने मागितलं आणि माझ्या हातात दिलं.
तेलकट रंगावर शाई काही उठेना.
मी गिरवत राहिले, तो टॉर्च धरून उभा,
मागे गाडीचं इंजिन चालू.

अजून आहे ते, खालच्या बिजागरीशी, बोटभर जागेत.
शाई नाही, नुसती रेघ रुतलेली.
समोरून पाहिलं तर दिसत नाही.
उजेड तिरका धरावा लागतो.